ग्रो टेंटसाठी घरी बनवलेली एलईडी स्ट्रिप लाइट: वायर जोडण्याआधी एका ट्रेचा हिशोब



मायक्रोग्रीन्सचा व्हिडिओ टाकल्यापासून सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न बियाण्याचा नाही, मार्केटिंगचाही नाही. प्रश्न एकच: "सर, लाइट कोणती घेऊ?" आणि त्याच्या मागोमाग दुसरा, "बाजारातली ग्रो लाइट महाग आहे, स्ट्रिप आणून घरीच बनवली तर चालेल का?"

चालेल. मी स्वतः बनवली आहे. एकदा चुकीची आणि एकदा बरोबर. व्हिडिओत सोल्डरिंग कसं करायचं ते दाखवलंय, पण हिशोब व्हिडिओत नीट मावत नाही, म्हणून तो इथे सविस्तर लिहितोय. कागद-पेन घेऊन बसा.

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे पुढचं सगळं कशासाठी चाललंय ते कळेल. पहिल्या टेंटला मी १२ व्होल्टच्या दोन स्ट्रिप आणल्या, पाच-पाच मीटरच्या. एकीच्या शेपटाला दुसरी जोडली आणि नागमोडी आकारात छताला चिकटवली. बटण दाबलं, सगळं लख्ख! फोटो काढले, स्टेटसला टाकले. आठवड्याने ट्रे बाहेर काढले तेव्हा एका बाजूचा मुळा ठेंगणा, हिरवागार आणि ताठ होता. दुसऱ्या बाजूचा लांबुळका, फिकट आणि आडवा पडलेला. बियाणं तेच, पाणी तेच. त्या दिवशी एका हॉटेलला आठ डबे द्यायचे होते, त्यातले चार त्यांनी परत पाठवले. बरोबरच केलं त्यांनी. माल एकसारखा नसेल तर शेफ तो प्लेटवर ठेवणार कसा?

कारण साधं होतं. स्ट्रिपच्या आत तांब्याची पट्टी कागदासारखी पातळ असते. १० मीटरचा सगळा करंट एका टोकाकडून ढकलला तर वाटेतच व्होल्टेज पडतं. सुरुवातीला १२ व्होल्ट असतात, शेपटापर्यंत पोचता पोचता बरेच कमी होतात आणि तिथली एलईडी मंद जळते. आपल्या डोळ्यांना हा फरक फारसा जाणवत नाही, कारण डोळे जुळवून घेतात. रोप मात्र जुळवून घेत नाही, ते उजेड शोधत उंच होत जातं.

रोपाची रोजची मजुरी

उजेडाला रोपाची मजुरी समजा. तासाचा दर किती आणि तास किती भरले, या दोन्हींचा गुणाकार म्हणजे दिवसाची कमाई. दर कमी असेल तर तास वाढवून थोडं भरून काढता येतं, पण त्यालाही मर्यादा आहे.

शास्त्रीय भाषेत हा दर मायक्रोमोलमध्ये मोजतात. त्याचं खरं मीटर महाग येतं, सुरुवातीला ते घेऊ नका. मोबाइलवर लक्स मीटरचं फुकट ॲप मिळतं. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सच्या आकड्याला साधारण ७० ने भागलं की मायक्रोमोलचा ढोबळ आकडा येतो. म्हणजे ७,००० लक्स म्हणजे १०० मायक्रोमोल. मुळा, मोहरी, मेथी अशा मायक्रोग्रीन्सना ६ ते ८ हजार लक्स आणि दिवसाचे १६ तास मिळाले तर माल चांगला येतो, असा माझा अनुभव आहे. टोमॅटो-मिरचीला फळं धरायची असतील तर याच्या कितीतरी पट उजेड लागतो. स्ट्रिपवर मिरची पिकवायचं स्वप्न बघत असाल तर इथेच थांबा, वीजबिल मिरचीपेक्षा तिखट लागेल.

(मेथीवरून आठवलं. मायक्रोग्रीन्स म्हणजे परदेशातून आलेलं काहीतरी नवीन, असं खूप जणांना वाटतं. मुंबईत समुद्राकाठच्या वाळूत उगवलेली, इवल्याशा जुड्यांनी विकली जाणारी समुद्र मेथी आठवा. कोवळं रोप खायची आपल्याला जुनी सवय आहे. गिऱ्हाइकाला समजावताना हे उदाहरण वापरा, पटकन पटतं.)

आता जांभळ्या लाइटबद्दल. दुकानदार म्हणेल, "साहेब, झाडाला लाल आणि निळाच लागतो." अर्धं खरं आहे. रोप लाल-निळा उजेड जास्त शोषतं, पण पांढऱ्या एलईडीतही लाल, निळा, हिरवा सगळं असतं आणि हिरवाही काही प्रमाणात वापरला जातो. शिवाय जांभळ्या उजेडात सगळं काळपट दिसतं. पान पिवळं पडतंय की बुरशी धरतेय, हे दिसेपर्यंत उशीर होतो. म्हणून साधी पांढरी स्ट्रिप घ्या, ४००० ते ६५०० केल्व्हिनमधली कुठलीही.

किती स्ट्रिप लागेल?

माझा टेंट म्हणजे घरीच बांधलेलं काम आहे. स्लॉटेड अँगलचा सांगाडा आणि त्याला आतून चंदेरी शीट. एका कप्प्याचं माप ४ फूट बाय २ फूट, म्हणजे १२० बाय ६० सेंटिमीटर, क्षेत्रफळ ०.७२ चौरस मीटर. त्यात १० बाय २० इंचाचे चार ट्रे आडवे बसतात.

मी घेतलेली स्ट्रिप २४ व्होल्टची, २८३५ चिपची, मीटरला १२० एलईडी, १० वॅट आणि ९०० लुमेन. पाकिटावर लुमेन छापलेले नसतील तर ती स्ट्रिप घेऊ नका. नुसत्या वॅटवरून उजेड कळत नाही. ५०५० चिपची स्ट्रिप वॅट जास्त खाते आणि बहुतेक वेळा वॅटमागे उजेड कमी देते. ती सजावटीसाठी ठीक आहे.

१.१५ मीटरचे सहा तुकडे म्हणजे ६.९ मीटर. गुणिले ९०० केलं की साधारण ६,२०० लुमेन. चंदेरी भिंती असल्या तरी सगळा उजेड ट्रेवर पडत नाही, तीन चतुर्थांश धरा. तो ०.७२ चौरस मीटरवर पसरला की साडेसहा हजार लक्सच्या आसपास येतात. आपल्याला हवा तेवढा.

पाच मीटरच्या एका रोलमधून १.१५ मीटरचे चार तुकडे निघतात, दोन रोलमधून आठ. सहा वापरायचे, दोन राखून ठेवायचे. कधीतरी एक तुकडा मरतोच. कापताना कटमार्कवरच कापा. १२ व्होल्टमध्ये दर तीन एलईडीनंतर आणि २४ व्होल्टमध्ये सहसा दर सहा एलईडीनंतर कात्रीची खूण असते. मध्येच कापलंत तर तेवढा भाग कायमचा गेला.

२४ व्होल्ट का? तेवढ्याच वॅटला करंट निम्मा लागतो. ६९ वॅटला १२ व्होल्टवर पावणेसहा अँपिअर, २४ वर तीनच्या आत. करंट निम्मा झाला की व्होल्टेज कमी पडतं आणि जोडही कमी तापतात.

पॉवर सप्लाय, म्हणजे एसएमपीएस, काठोकाठ घेऊ नका. ६९ वॅटचा लोड आहे म्हणून ७० वॅटचा घेतला तर तो सतत धापा टाकत चालेल आणि लवकर जाईल. क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंतच लोड ठेवा. इथे २४ व्होल्ट, १०० वॅटचा बसतो.

जोडणी

सहाही तुकडे समांतर जोडायचे. म्हणजे एसएमपीएसपासून एक जाड वायर, १ स्क्वेअर एमएमची, टेंटच्या छतापर्यंत आणायची आणि तिच्यावरून प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र बारीक फाटा द्यायचा. एका तुकड्याला अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही. असं केलं की सहाही तुकडे सारखेच पेटतात. माझी पहिली चूक इथेच सुटली.

स्ट्रिपच्या मागच्या डिंकावर विश्वास ठेवू नका. दमट हवेत आणि उष्णतेत तो महिन्याभरात सुटतो आणि पेटलेली स्ट्रिप ओल्या ट्रेवर पडते. ॲल्युमिनियमच्या चॅनलमध्ये बसवा आणि दर वीतभर अंतरावर केबल टायने आवळा. चॅनल नुसता आधार देत नाही, एलईडीची उष्णता ओढून घेतो. एलईडी जितकी थंड राहील तितकी जास्त टिकते.

पण ॲल्युमिनियम आलं की एक धोका येतो. स्ट्रिपच्या कापलेल्या टोकाला तांबं उघडं असतं. ते चॅनलला टेकलं की शॉर्ट. प्रत्येक टोकावर हीट श्रिंक नळी चढवा, मगच चॅनलमध्ये सरकवा. आणि जोड सोल्डरचेच करा. दाबून बसवायचे प्लास्टिक क्लिप मिळतात, सोपे वाटतात, पण टेंटमधल्या दमटपणात त्यांचे दात गंजतात आणि जोड तापायला लागतो. सोल्डरिंग येत नसेल तर गल्लीतल्या मोबाइल किंवा टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे जा. बारा जोड तो अर्ध्या तासात करून देईल, आणि त्याच्या शेजारी बसून तुम्हीही शिकाल.

आता सुरक्षेचं. हा भाग वरवर वाचू नका.

२४ व्होल्टला हात लागला तर सहसा शॉक बसत नाही, म्हणून लोक निष्काळजी होतात. पण २४ व्होल्टने आग लागू शकते. शॉर्ट झालेली वायर लाल व्हायला व्होल्टेज नाही, करंट लागतो. म्हणून एसएमपीएसच्या २४ व्होल्टच्या बाजूला ५ अँपिअरचा फ्यूज टाका. दहा-वीस रुपयांची वस्तू आहे.

एसएमपीएस टेंटच्या बाहेर ठेवायचा. आत ठेवायचा नाही, अगदी वरच्या कोपऱ्यातही नाही. जाळीच्या पत्र्याचा एसएमपीएस असतो, त्याच्या टर्मिनलवर २३० व्होल्ट उघडे असतात. तो बंद डब्यात, हवा खेळेल असा, भिंतीवर खांद्याच्या उंचीला लावा. घरात लहान मूल असेल तर त्याहून वर. तीन पिनचाच प्लग वापरा आणि अर्थिंगची वायर एसएमपीएसच्या बॉडीला जोडा. टेंटमध्ये जाणारी वायर आत शिरण्याआधी खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोलाशी टपकेल, टर्मिनलपर्यंत जाणार नाही. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर वायरमनला बोलावून आधी तो बसवून घ्या. २३० व्होल्टच्या बाजूचं काम येत नसेल तर तेही त्यालाच करू द्या. तिथे पैसे वाचवायचे नाहीत.

मोजा, मग सरकवा

सहा तुकडे सारख्या अंतरावर लावले की मध्ये उजेड जास्त पडतो आणि कडेला कमी. मध्यभागी दोन्ही बाजूंचा उजेड मिळतो, कडेला एकाच बाजूचा. म्हणून कडेचे तुकडे दाट आणि मधले विरळ करा. ६० सेंटिमीटरच्या रुंदीत माझे तुकडे एका कडेपासून ५, १४, २५, ३५, ४६ आणि ५५ सेंटिमीटरवर आहेत. रोपाच्या शेंड्यापासून उंची २० ते २५ सेंटिमीटर. त्याहून जवळ आणलं की ट्रेवर उजेडाचे पट्टे उमटतात.

मग मोबाइल घ्या. स्क्रीन वर करून रिकाम्या कप्प्यात नऊ ठिकाणी ठेवा आणि आकडे लिहा: चार कोपरे, चार कडांचे मध्य आणि एक मधोमध. मोबाइलचा आकडा काट्यावर अचूक नसतो, फोनागणिक बदलतो. पण एकाच फोनने कोपरा आणि मध्य यांची तुलना केली तर ती बऱ्यापैकी विश्वासाची असते, आणि आपल्याला मुख्यतः तेच हवंय. कोपरा मध्याच्या तीन चतुर्थांशाहून खाली असेल तर चॅनल सरकवा. हे पंधरा मिनिटांचं काम आहे. माझे ते चार डबे या पंधरा मिनिटांअभावी परत आले होते.

आता पैशाचं

भिंतीतून ओढली जाणारी वीज मोजू. स्ट्रिपचे ६९ वॅट आणि एसएमपीएसमध्ये वाया जाणारी धरून ८० वॅट. गुणिले १६ तास, म्हणजे रोजचे १.२८ युनिट. महिन्याला ३८ युनिट, एका कप्प्याचे.

युनिटचा दर कुठला धरायचा? इथे बहुतेक जण चुकतात. बिलाची रक्कम भागिले युनिट करून सरासरी काढतात. महावितरणच्या घरगुती बिलात टप्पे असतात: १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, मग ३०१ ते ५०० आणि त्यापुढचा. तुमच्या घराचा पंखा, फ्रिज, टीव्ही स्वस्त टप्पा आधीच खाऊन बसलेले असतात. टेंटचे युनिट त्यांच्या डोक्यावर चढतात. म्हणजे टेंटचं युनिट हे तुमच्या बिलातलं सगळ्यात महाग युनिट असतं. बिल काढा, तुम्ही कुठल्या टप्प्यात आहात ते बघा, त्या टप्प्याचा वीज आकार, वहन आकार आणि त्यावरचं वीज शुल्क मिळवा. तो तुमचा खरा दर.

मी उदाहरणासाठी १२ रुपये धरतो. १.२८ गुणिले १२ म्हणजे रोजचे १५ रुपये ३६ पैसे. चार ट्रेमध्ये वाटले की ट्रेमागे ३ रुपये ८४ पैसे. पहिले तीन-चार दिवस ट्रे अंधारात झाकलेला असतो, मग सहा दिवस उजेडात. म्हणजे एका ट्रेच्या उजेडाचं बिल २३ रुपये.

आता सामान. दोन रोल ९००, एसएमपीएस ८५०, ॲल्युमिनियम चॅनल ९००, वायर-फ्यूज-प्लग-हीट श्रिंक ४००, टायमर ४५०. बेरीज ३,५००. हे माझ्या खरेदीचे आकडे आहेत, तुमच्या गावात वेगळे असतील. सहा दिवसांची फेरी धरली तर महिन्याला पाच फेऱ्या, २० ट्रे, वर्षाला २४०. सामान वर्षभरात वसूल करायचं असेल तर ट्रेमागे १५ रुपये. म्हणजे उजेडाचा एकूण खर्च ट्रेमागे ३८ रुपये. एका ट्रेतून २०० ग्रॅम माल निघाला, ५० ग्रॅमचे चार डबे केले, तर डब्यामागे साडेनऊ रुपये फक्त उजेडाचे. बियाणं, कोकोपीट, डबा, पेट्रोल आणि तुमची मेहनत अजून मोजलेलीच नाही.

आणि हे सगळे ट्रे विकले गेले तर. निम्मेच विकले गेले तर तोच आकडा १९ रुपये होतो. दिवे तर सगळ्या ट्रेसाठी जळत असतात, गिऱ्हाईक असो वा नसो. म्हणून मी प्रत्येक कार्यशाळेत सांगतो: पहिला एकच कप्पा बनवा. तो दोन महिने पूर्ण विकून दाखवा, मग दुसरा.

आता एक गोष्ट सांगतो जी स्ट्रिप विकणारा सांगणार नाही. उघडा रॅक असेल, टेंट नसेल, कप्प्यांमध्ये उंची भरपूर असेल, तर स्ट्रिपच्या भानगडीत पडूच नका. साधी २० वॅटची चार फुटी एलईडी बॅटन घ्या. तीन बॅटनमध्ये ६,००० लुमेन मिळतात, तेही ६० वॅटमध्ये. सामानाचा खर्च निम्म्याहून कमी, आणि वीज कप्प्यामागे महिन्याला नऊ-दहा युनिट कमी, म्हणजे १२ च्या दराने सव्वाशे रुपयांच्या आत-बाहेर बचत. सोल्डरिंग नाही, काही नाही.

मग स्ट्रिप कधी? टेंट बंद असतो, आत दिवसातून दोन-तीनदा फवारा मारतो, हात ओले असतात. तिथे डोक्यावर २३० व्होल्टच्या तीन बॅटन लटकवण्यापेक्षा २४ व्होल्टची स्ट्रिप मला बरी वाटते. १२० सेंटिमीटरच्या टेंटमध्ये चार फुटी बॅटन पिनसकट बसवताना नाकी नऊ येतात. कप्प्याची उंची कमी असेल तर सहा बारीक रेषांचा उजेड तीन जाड रेषांपेक्षा सारखा पडतो. यातलं काहीच तुम्हाला लागू होत नसेल तर बॅटन.

टेंटमधली गरमी

८० वॅटपैकी ६९ टेंटच्या आत जातात आणि शेवटी त्यांची उष्णताच होते. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात बंद टेंट म्हणजे भट्टी. हवा कोंडली की आधी बुरशी येते, मग रोपं बुंध्याशी कुजतात. १२ सेंटिमीटरचा एक पंखा वर हवा बाहेर फेकायला आणि खाली हवा आत यायला जाळीचं भोक, एवढं पाहिजेच. उन्हाळ्यात मी दिव्यांचे १६ तास संध्याकाळी पाचला सुरू करून सकाळी नऊला संपवतो. दुपारच्या उन्हात दिवे बंद. रोपाला घड्याळ कळत नाही, तास कळतात. टीओडी मीटर असेल तर बिलावर सवलतीची वेळ कोणती आहे ते बघा आणि गरमी व बिल यांचा मेळ घाला.

टायमर डिजिटल, आत बॅटरी असलेला घ्या. चक्रीचा टायमर लाइट गेली की तिथेच थांबतो आणि मग रोज दोन तास मागे चालतो. एखाद्या दिवशी वीज चार तास गेली म्हणून मायक्रोग्रीन्स मरत नाहीत, घाबरू नका. पंखा मात्र आल्यावर चालू झाला की नाही ते आवर्जून बघा.

घरगुती मीटरवर विक्रीसाठीचं काम चालतं का, किती प्रमाणात चालतं, हे तुमच्या भागातल्या वीज कार्यालयात जाऊन विचारा. कप्पे वाढवायच्या आधी विचारा, नंतर नाही.

सगळं जोडून झालं की लगेच ट्रे ठेवू नका. रिकामा टेंट २४ तास चालवा. तासाभराने, मग चार तासांनी, प्लग काढून प्रत्येक जोडाला बोट लावून बघा. चॅनल कोमट लागला तर ठीक. एखादा जोड चटका देत असेल तर तो सोल्डर परत करा. एसएमपीएसवर तळहात पाच सेकंद ठेवता आला पाहिजे. दुसऱ्या दिवशी नऊ ठिकाणचे लक्स पुन्हा मोजा, कालच्या आकड्यांशी जुळले की पहिला मुळ्याचा ट्रे आत सरकवा. बाकीच्या तीन जागा रिकाम्या राहू देत, सहा दिवसांनी भरा.

तुमच्या कप्प्याचं माप, उंची आणि बिलातला टप्पा कमेंटमध्ये लिहा, किती तुकडे लागतील ते मी काढून देतो.